चौथी खुर्ची, उजवा पाय

गेल्या वर्षी पवित्र गुरुवारी, मिस्सा चालू असताना, माझे वडील ओरडले.

त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ती आठवण. वेदीसमोर बारा खुर्च्या मांडलेल्या असतात. बसलेला प्रत्येकजण उजव्या पायातली चप्पल काढतो. फादर गुडघ्यावर बसून त्या पायावर तांब्याने पाणी ओततात, टॉवेलने पाय पुसतात आणि पुढच्या खुर्चीकडे सरकतात. आमच्याकडे त्या वेळी गाणंही थांबवतात, त्यामुळे फक्त पाण्याचा आवाज येतो. पपा चौथ्या खुर्चीवर होते. एकवीस वर्षं बसत होते. त्याआधी तिथे त्यांचे वडील बसत.

सनी फादर तेव्हा नवीन होते, तरुण होते, आणि कुठलंही काम अर्धवट न सोडणारे होते. पपांचा पाय पुसताना त्यांनी अंगठा सुटा धरला आणि खालची बाजूही कोरडी व्हावी म्हणून वर वळवला. पपा काय ओरडले ते मी लिहीत नाही. शब्द दोन होते आणि त्यांतला एकही प्रार्थनेच्या पुस्तकात नाही.

पपांचं नाव सांतान. शिरोड्याच्या बाजारात त्यांचं शिंप्याचं दुकान आहे, आणि दुकानाच्या मागेच आमचं घर. ती ओरड बाजारात पोचायला दुसरा दिवसही लागला नाही, कारण ती सोकोरोने पोचवली. सोकोरो हा पपांचा चुलतभाऊ. तो एस.टी.त कंडक्टर होता, त्यामुळे आवाज मोठा आणि ओळखी पुष्कळ. पहिल्या आठवड्यात तो ती ओरड करून दाखवत असे. दुसऱ्या आठवड्यापासून ऐकणारे स्वतःच करू लागले. शर्टाची बाही बघायला आलेली गिऱ्हाइकं टाचणी लागायच्या आधीच ओरडत आणि हसत. पपा टाचण्या तोंडात धरून काम करतात, म्हणून त्यांना उत्तर देता येत नसे.

आठ महिने त्यांनी हे ऐकून घेतलं. डिसेंबरात ते मला म्हणाले, "रिशेल, ह्या आंगठ्याचा कायतरी करूक होया."

मी सावंतवाडीला ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिथल्या एका खासगी हॉस्पिटलात दर दोन महिन्यांनी डॉ. सनोबर येतात. त्या पायांच्या हाडांच्या सर्जन. माहेर बांद्याला, प्रॅक्टिस गोव्यात. मी नंबर लावला.

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला. "इथे दोन हाडांच्या मध्ये काळी फट दिसायला पाहिजे. ती कूर्चेची जागा. तुमच्या अंगठ्यात ती फट नाहीच. हाडावर हाड घासतंय, आणि वर ही चोच वाढलीय. अंगठा वर वळला की ती चोच अडते."

पपांनी एक्स-रे नीट पाहिला. "म्हणजे अस्तर गेला."

"अस्तर गेलं," डॉक्टर म्हणाल्या. "बरोबर."

त्यानंतर दोघांचं बोलणं सोपं झालं. डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले. पहिला, पट्टी आणि स्क्रू घालून सांधा कायमचा जोडून टाकायचा. दुखणं जातं, वाकणंही जातं. दुसरा, वरची चोच तासायची, हाडाच्या टोकाला गोल भोक पाडायचं आणि त्यात एका मऊ प्लॅस्टिकचा छोटा दट्ट्या बसवायचा. तो हाडाच्या वर दीड मिलिमीटर उचललेला राहतो आणि कूर्चेचं काम करतो. अंगठा वाकतो. बहुतेकांना बरं वाटतं. काहींचा दट्ट्या हाडात खचतो, मग तो काढून सांधा जोडावाच लागतो. दहा-बारा वर्षांपलीकडचं आपण खात्रीने सांगू शकत नाही, असंही त्या म्हणाल्या.

पपांनी विचारलं, "ह्यो तुकडो रेडिमेड काय मापाचो?"

"रेडिमेड. आठ मिलिमीटर आणि दहा मिलिमीटर."

"दोनच सायजी?"

"दोनच."

"मगे फिटिंग सगळां तुमच्या हातात."

"सगळं माझ्या हातात."

हे उत्तर पपांना आवडलं. डॉक्टरांनी फॉर्म पुढे ओढला. ऑपरेशननंतर पेशंटला काय करता यावंसं वाटतं, असा त्यात एक रकाना होता. त्यांनी पपांना तो प्रश्न विचारला.

"उगी रवाक होया," पपा म्हणाले.

डॉक्टरांचं पेन थांबलं. मग त्यांना गप्प कुठे राहायचंय हे कळावं म्हणून मी पवित्र गुरुवारचा प्रकार थोडक्यात सांगितला. डॉक्टरांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि रकान्यात 'वेदना कमी होणे' असं लिहिलं.

ऑपरेशनला दोन तारखा होत्या, सोळा मार्च किंवा अठरा मे. पपा लगेच म्हणाले, "पवित्र गुरुवार सतरा एप्रिलाक." मी वहीत वजाबाकी केली. सोळा मार्चपासून बत्तीस दिवस. टाके चौदा दिवसांनी निघणार आणि एकवीस दिवसांनी पाय बिनधास्त धुता येणार, असं डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे अकरा दिवस हातात. मी अकराखाली रेघ मारली आणि सोळा मार्च ठरला.

ईस्टर दर वर्षी सरकतो, आणि त्याच्या आधीचा पवित्र गुरुवारही, हे आम्हांला माहीत नाही असं नाही. तो पौर्णिमेवरून ठरतो. कसा ठरतो ते मी एकदा अकरावीच्या वर्गाला फळ्यावर समजावलंही आहे. सतरा एप्रिल ही सरलेल्या वर्षाची तारीख होती. वजाबाकी बरोबर होती.

राखेच्या बुधवारी, उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, मम्मी सकाळच्या मिस्साहून कपाळावर राख आणि हातात पॅरिशचं नवं कॅलेंडर घेऊन आली. मम्मीचं नाव लुर्दीन. ती फार बोलत नाही. तिने कॅलेंडर पपांच्या मशीनवर ठेवलं आणि एप्रिलच्या पानावर बोट ठेवलं.

"सांतान, दोन एप्रिल."

पपांनी मशीन थांबवलं. मी पुन्हा वजाबाकी केली. सतरा दिवस.

प्रश्न नुसता त्या एका गुरुवारचा नव्हता. आमच्या पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे चर्चच्या समितीचा, नियम असा आहे की, बारांपैकी जो एका वर्षी बसला नाही त्याची खुर्ची जाते. त्याचं नाव प्रतीक्षा यादीच्या शेवटी लिहितात आणि यादीतल्या पहिल्याला खुर्ची मिळते. यादीत चोवीस नावं होती. हा नियम आठ वर्षांपूर्वी झाला. त्या वर्षी सोकोरोला पवित्र गुरुवारी पणजी गाडीवर ड्युटी लागली आणि त्याची सातवी खुर्ची रिकामी राहिली. तेव्हा कौन्सिलचे सेक्रेटरी पपा होते. नियम त्यांनीच मांडला आणि रजिस्टरात त्यांनीच लिहिला. सोकोरोचं नाव तेव्हा नववं होतं. आता पहिलं होतं.

त्या संध्याकाळी सनी फादर घरी आले. त्यांना गेल्या वर्षाचं वाईट वाटत होतं आणि ते दर भेटीत तसं सांगत.

"सांतानकाका, माझीच चूक. मी मोटरसायकल पुसतंय तसो पुसलंय."

"ता जाव दे, फादर. ऑपरेशन मेत केलंय तर?"

"तर ह्या गुरुवारी आंगठो असोच आसतलो."

"नुसता पाणी ओता. पुसू नका."

फादरांनी विचार केला. "मगे बाकीचे अकरा विचारतले, आमका कित्या पुसलास म्हणान."

मी म्हटलं, "डावो पाय दी, पपा. उजवोच होयो असा पुस्तकात नाय."

"नाय तसा," फादर म्हणाले. "पाय म्हटलां हा फक्त."

पपा माझ्याकडे बघत राहिले. "देवाच्या कामाक डावो? आणि लोक काय म्हणतले? उजवो अजून बोंबलता म्हणतले."

मी डॉ. सनोबरना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्या म्हणाल्या, चौदाव्या दिवशी, म्हणजे तीस मार्चला, टाके काढू. जखम पूर्ण कोरडी असेल तर दोन दिवसांनी थोडं स्वच्छ पाणी लागलेलं चालेल. असेल तर.

"बघ," पपा म्हणाले. "एक एप्रिलाक पाणी. एक दीस वरच पडता."

शेवटचे दोन शब्द त्यांनी ऐकले नव्हते. मी ऐकले होते, पण तेव्हा बोलले नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मम्मीने मला विचारलं की तो तुकडा कसला असतो. मी सांगितलं, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाणी धरून ठेवणारा, जेलीसारखा पण घट्ट.

"अल्कोहोल? उपासकाळात?"

"नावात आसा गो. पिवचा नाय."

"फादराक विचारलंस?"

विचारलं नव्हतं. तिने फोन करून विचारलं. फादर म्हणाले चालेल.

ऑपरेशनला चाळीस मिनिटं लागली. घोट्यापासून खालचा पाय बधिर केला होता आणि पपा जागे होते. मध्ये पडदा होता. त्यांना गिरमिटाचा आवाज आला, मग कोणीतरी काहीतरी ठोकून बसवल्यासारखं वाटलं. त्यांनी पडद्यापलीकडे विचारलं, "सायज खंयची?" डॉक्टर म्हणाल्या, "दहा." पुढचा महिनाभर भेटायला आलेल्या प्रत्येकाला पपांनी सांगितलं, "माका धा लागलो." आठवाल्यांविषयी त्यांना थोडी दया वाटत असावी.

तिसऱ्या दिवसापासून अंगठा हाताने वाकवायचा व्यायाम सुरू झाला. जाड, न वाकणाऱ्या तळव्याची एक सँडल मिळाली होती, ती घालून घरात चालता येत होतं. पण गुडघ्यावर बसायला सहा आठवडे बंदी होती. मी कंपासपेटीतल्या कोनमापकाने रोज संध्याकाळी माप घेत होते. ऑपरेशनआधी अंगठा बारा अंशांवर अडत होता. दहाव्या दिवशी छत्तीस अंश झाले. पपा तोंडाने "नाय" म्हणत. म्हणजे दुखत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी ते अविश्वासाने म्हटलं आणि दहाव्या दिवशी सवयीने.

तीस मार्चला डॉक्टर टाक्यांपुरत्या सावंतवाडीला आल्या आणि त्यांनी दहापैकी आठ टाके काढले. उरलेल्या दोन टाक्यांपाशी थांबल्या आणि कापूस दाबून पाहिला. कापूस ओला झाला.

"हे दोन राहू देत. आठवडाभर इथे पाणी नको."

"गुरुवारी दोन मिंटां फक्त," पपा म्हणाले. "तांब्याभर."

"नको."

"प्लॅस्टिक घट्ट बांधून?"

"आत घाम धरेल. नको."

पपांचा चेहरा अजून विचार करणारा दिसला असावा. कारण डॉक्टर पहिल्यांदाच आमच्या भाषेत बोलल्या. "काका, आयका. पाणी नाय. थेंब पण नाय."

परतीच्या गाडीत पपा आजगावच्या आसपास म्हणाले, "घट्ट नको म्हणाली. सैल नको म्हणूक नाय."

मंगळवारी सकाळी त्यांनी रेनकोटचं बदामी कापड काढलं, त्यांच्या मते ते पायाच्या रंगाला सगळ्यांत जवळचं होतं, आणि स्वतःच्या उजव्या पायाच्या मापाचा मोजा शिवला. वर चेन होती, तळव्याला हवेसाठी चुण्या होत्या, आणि अंगठ्याला वेगळं घर होतं. शिवण इतकी बारीक होती की तीन हातांवरून तो मोजा खरंच पायासारखा दिसत होता. जरा सुजलेल्या, पण पायासारखा.

मी म्हटलं, आधी तपासून पाहू. कॉलेजातून मी कोरड्या मोरचुदाची पूड आणली होती. ती पांढरी असते आणि पाण्याचा थेंब लागला की निळी होते. ती गाळणकागदात गुंडाळून मोज्यात ठेवली. उजवा ओला करायचा नव्हता, म्हणून पपांनी तो मोजा कसाबसा डाव्या पायावर चढवला. सनी फादर ओततात तितकंच पाणी, तितक्याच उंचीवरून, मी तांब्याने ओतलं. मग मोजा काढून कागद उघडला.

निळा.

"खंयसून इला?" पपांनी विचारलं.

"शिवणीतून. पपा, सुई गेली थंय भोक पडला."

त्यांनी मोजा उलटा करून शिवणीवरून बोट फिरवलं. पंचेचाळीस वर्षं ते शिवत आहेत.

"म्हणजे माजो हरेक टाको भोक."

"होय."

"आणि डाक्टरणीचो?"

"तिचो पण. म्हणान तर पाणी नको सांगता ती."

त्यांनी मान हलवली. शिवणीवर आतून पट्टी चिकटवता येईल का, असं काहीतरी ते म्हणू लागले, पण मम्मी दारात उभी होती.

"देवासमोर रेनकोट घालून बसतलंस?"

मोजा कात्रणांच्या पेटीत गेला.

दुपारी पपांनी सनी फादरांना फोन केला. त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं, कारण पपा फोन कानापासून लांब धरतात.

"फादर, माका ह्या वर्साक जमाचा नाय."

"काळजी करू नका, काका. आजारपण हा. मी कौन्सिलाक सांगतंय, खुर्ची तुमचीच रवतली."

"सोकोरोक ड्युटी होती तेवा कोणी ठेवली?"

"कोणी नाय. तुमीच ठेवूक दिलास नाय."

"तांच सांगतंय मी."

मग ते सँडल घालून, माझा हात धरून चर्चच्या ऑफिसात गेले आणि रजिस्टर मागितलं. यादीतल्या पहिल्या नावावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि चौथ्या खुर्चीसमोर 'सोकोरो' लिहिलं. यादीच्या शेवटी, उरलेल्या तेवीस नावांखाली, स्वतःचं नाव लिहिलं. पपांचं अक्षर फार सुंदर आहे. कापडावर खडूने लिहिणाऱ्यांचं सहसा नसतं.

घरी येताना मी हिशेब केला. गेल्या आठ वर्षांत आठ खुर्च्या रिकाम्या झाल्या, बहुतेक मरणाने. वर्षाला एक. पपांचा नंबर चोविसावा, वय चौसष्ट. म्हणजे चौथी नाही तरी कुठलीतरी खुर्ची अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. दट्ट्याबद्दल डॉक्टरांनी दहा-बारा वर्षांपर्यंतचंच सांगितलं होतं. हा हिशेब मी कोणाला सांगितला नाही.

बुधवारी सकाळी सोकोरो दुकानात आला. त्याच्या काखेत पांढरं कापड होतं.

खुर्चीवर बसणारे पुरुष पांढरी पँट घालतात. तिची मोहरी, खालचा घेर, रुंद लागते, म्हणजे पँटचा उजवा पाय दुमडून वर घेतला की पाणी लागत नाही, आणि ती घडी फादर उठेपर्यंत सुटता कामा नये. अशी पँट आमच्याकडे फक्त पपा शिवतात.

"उद्या सांजवेळेक होई," सोकोरो म्हणाला.

"जुनी खंय हा?"

"आसा. पण आठ वर्सां झाली. पोट थयसून पुढे गेलां."

"दिसता."

सोकोरोने कापड टेबलावर ठेवलं. "सांतान, तुका शिवूची नसली तर सांग. मी सावंतवाडीक जातंय."

"सावंतवाडीक तुका पायजमो शिवन देतले. उभो रव."

कंबर, सीट, मांडी अशी मापं पपांनी उभ्यानेच घेतली आणि मी लिहिली. पायाची उंची आणि मोहरी खाली वाकून घ्यावी लागते. गेली तीन वर्षं पपा त्यासाठी गिऱ्हाइकाला स्टुलावर उभं करत होते. सोकोरोने स्टुलाकडे पाहिलं.

"ता स्टूल माका झेपाचा नाय."

"स्टुलाक तू झेपाचस नाय," पपा म्हणाले.

मी टेप घ्यायला हात पुढे केला. पपांनी टेप दिली नाही. त्यांनी एका हाताने टेबल धरलं आणि उजवा गुडघा जमिनीवर टेकला. सँडल त्यांनी कधी काढली होती ते मला दिसलं नव्हतं. मागे उजव्या पायाची बोटं फरशीवर टेकली होती आणि अंगठा वाकला होता. बाजूने पाहताना मला तो चाळीस अंशांच्या जवळपास वाटला. जखम अंगठ्याच्या वरच्या बाजूला होती, त्यामुळे अंगठा वर वळला की तिथली कातडी ताणली जात नव्हती, सैल पडत होती. हे मी स्वतःला सांगत होते. सहा आठवड्यांची बंदी होती आणि तो सोळावा दिवस होता.

सोकोरो खाली बघत होता. त्याने पायाकडे पाहिलंच नाही, पपांच्या तोंडाकडे पाहिलं. तो वाट बघत होता हे त्याच्या भुवयांवरून कळत होतं.

पपांनी टेप त्याच्या कमरेपासून घोट्यापर्यंत नेली, घोट्याच्या हाडावर अंगठ्याने दाबली, चष्मा नाकावर सरकवून आकडा वाचला.

"अडतीस," ते म्हणाले. "लिव. मोहरी बारा."

मी लिहिलं. दुकानात पंख्याखेरीज आवाज नव्हता.

"दुखाक नाय?" सोकोरोने विचारलं.

"नाय."

"खरां सांग."

"पाय हलव नको. आणि उद्या नखां कापून ये. फादराच्या हातात जातली ती."

सोकोरोच्या दोन पायांची उंची सारखी नाही. तीस वर्षं चालत्या बसमध्ये एका पायावर भार देऊन उभं राहिल्याने तसं झालं, असं पपांचं मत आहे. म्हणून त्याची दोन्ही मापं वेगळी घ्यावी लागतात. पपा डाव्या पायाकडे सरकणार, इतक्यात मम्मी आतून आली.

"सांतान, उठ. आताच्या आता."

पपा उठले. टेबल धरून, पण न कण्हता. डावा पाय मी मोजला.

सोकोरो लगेच गेला नाही. त्याने टेबलावरची कात्री उचलली आणि परत होती तशी ठेवली. "ता नियम काडून टाकूया रे. मी कौन्सिलात सांगतंय. आजारी मानसाक कसलो नियम?"

"नियम बरो आसा."

"तुका चोवीस वर्सां लागतली." म्हणजे हिशेब त्यानेही केला होता.

"तुका आठ लागली. मी काय बोललंय?"

"तू लय बोललंस," सोकोरो म्हणाला. "नियमच लिवलंस."

पपांनी कापडावर खडू ओढायला घेतला. खालचं बघत ते म्हणाले, "तेवा तुका इचारूक होया होता मिया. ड्युटी बदलून मिळता काय म्हणान. तां इचारलंय नाय."

सोकोरो खडूची रेघ बघत म्हणाला, "बदलून मिळाक नसती."

"तरी."

मग तो दारापर्यंत गेला आणि वळला. "बाजारात काय सांगू?"

"कसला?"

"तू खाली बसलंस आणि उगी रवलंस ता."

"सांग. सांगूक तुका येताच."

त्याने सांगितलंही. त्या संध्याकाळी मी भाजी आणायला गेले तेव्हा तो चहाच्या टपरीसमोर चार-पाच जणांना ते दाखवत होता. गुडघा टेकला, काल्पनिक टेप धरली आणि तोंड बंद ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. ऐकणारे पुढच्याची वाट बघत राहिले. ओरड करून दाखवता येते. न ओरडणं करून दाखवता येत नाही. सोकोरोने ते दोनदा करून पाहिलं, मग गुडघा झाडून उठला आणि म्हणाला, "तुमका कळाचा नाय."

गुरुवारी मिस्साला पपा शेवटच्या बाकावर बसले, कारण तिथे सँडलचा पाय लांब करता येतो. त्यांच्या एका बाजूला मम्मी होती, दुसऱ्या बाजूला मी. कोणी वळून पाहिलं तर पपा मान हलवून ओळख देत होते. गाणं थांबलं. सनी फादरांनी कमरेला टॉवेल बांधला आणि पहिल्या खुर्चीसमोर गुडघा टेकला. या वर्षी ते सगळ्यांचेच पाय पुसण्याऐवजी टॉवेलने नुसते टिपत होते.

चौथ्या खुर्चीवर सोकोरो ताठ बसला होता. त्याने पँटचा उजवा पाय चार घड्या घालून वर घेतला होता. पाणी पडलं, खाली परातीत वाजलं. घडी जागची हलली नाही. फादरांनी टॉवेल लावला. सोकोरोने डोळे मिटले होते.

पपा पुढे वाकले. त्यांचे दोन्ही हात समोरच्या बाकाच्या पाठीवर होते. त्यांना काही होतंय का, असं मम्मीने नजरेने मला विचारलं. मी त्यांच्याकडे झुकले.

"डावी मोहरी," ते कुजबुजले.

"काय?"

"पाव इंच लांब रवली."

मी पाहिलं. डावा पाय फरशीवर होता आणि मोहरीची कड चपलेच्या अंगठ्यावर टेकत होती. पाव इंच असेल. थोडी जास्तच.

"ता माप मी घेतलंय," मी म्हटलं.

"म्हायत आसा." ते मागे टेकले. "सोमवारी घेवन ये सांग त्येका. माप मी घेतंय."

"पपा, सहा आठवडे—"

"श्श," ते म्हणाले. "मिस्सा चालू हा."